व्हिएतनाम युद्धातील अमेरिकेचा सहभाग

दक्षिण व्हिएतनाममधील साम्यवादविरोधी राजवट टिकवून धरण्यासाठी अमेरिकेने केलेला राजकीय, आर्थिक व लष्करी हस्तक्षेप. १९५० मध्ये फ्रान्सला दिलेल्या मदतीपासून त्याची सुरुवात झाली. १९६५ ते १९७३ या काळात अमेरिकी फौजा प्रत्यक्ष लढल्या, आणि ३० एप्रिल १९७५ रोजी दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडल्यावर तो संपुष्टात आला. हॅरी ट्रूमनपासून जेरल्ड फोर्डपर्यंत सहा राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दी त्यात गुंतल्या.

पार्श्वभूमी : व्हिएतनाम ही फ्रान्सची वसाहत होती. दुसऱ्या महायुद्धात जपानने शरणागती पत्करताच साम्यवादी नेते हो चि मिन्ह यांनी २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईत स्वातंत्र्याची घोषणा केली. वसाहत परत मिळवण्यासाठी फ्रान्सने युद्ध पुकारले. चीनमध्ये साम्यवादी सत्तेवर आल्यानंतर आणि कोरियात युद्ध पेटल्यानंतर अमेरिकेने या वसाहतवादी लढाईकडे साम्यवादाविरुद्धचा लढा म्हणून पाहायला सुरुवात केली आणि फ्रान्सच्या युद्धखर्चाचा मोठा वाटा उचलला. एक देश साम्यवाद्यांच्या हाती गेला की शेजारचे देशही एकामागून एक जातील, हा ‘डोमिनो सिद्धांत’ या धोरणाच्या मुळाशी होता. अनेक व्हिएतनामींच्या दृष्टीने मात्र हा परकीय सत्तेविरुद्धचा स्वातंत्र्यलढा होता. अमेरिकी धोरणकर्त्यांनी या बाजूला फारसे महत्त्व दिले नाही.

मे १९५४ मध्ये दिएन बिएन फू येथे फ्रेंचांचा निर्णायक पराभव झाला. त्याच वर्षीच्या जिनीव्हा करारांनी १७ व्या अक्षवृत्ताजवळ देशाची साम्यवादी उत्तर व साम्यवादविरोधी दक्षिण अशी तात्पुरती विभागणी केली आणि १९५६ मध्ये एकीकरणासाठी निवडणुका घेण्याचे ठरले. कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. कॅनडा व पोलंड हे त्याचे अन्य सदस्य. दक्षिणेतील न्गो दिन्ह दिएम यांनी अमेरिकेच्या पाठबळावर या निवडणुका नाकारल्या.

सहभागात वाढ : दिएम यांची राजवट दडपशाहीची होती. जमीनसुधारणा अपुऱ्या राहिल्या. बंडखोरांपासून तोडण्यासाठी शेतकऱ्यांना त्यांच्या गावांतून उठवून तटबंदीच्या वसाहतींत हलवण्यात आले, त्यामुळे असंतोष आणखी वाढला. डिसेंबर १९६० मध्ये राष्ट्रीय मुक्ती आघाडी स्थापन झाली. तिच्या लढवय्यांना विरोधक ‘व्हिएतकाँग’ म्हणत. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या काळात अमेरिकी लष्करी सल्लागारांची संख्या सुमारे १६,००० वर गेली. जून १९६३ मध्ये थिच क्वांग डुक या बौद्ध भिक्षूने सायगावच्या रस्त्यात आत्मदहन केले, तेव्हा राजवटीविरुद्धचा रोष जगासमोर आला. नोव्हेंबरमध्ये लष्करी उठावात दिएम मारले गेले. या उठावाला अमेरिकेची मूक संमती होती.

ऑगस्ट १९६४ मधील टाँकिनच्या आखाताचे प्रकरण निर्णायक ठरले. २ ऑगस्टला ‘मॅडॉक्स’ या अमेरिकी विनाशिकेची उत्तर व्हिएतनामच्या टॉर्पेडो नौकांशी चकमक झाली. ४ ऑगस्टच्या रात्री खराब हवामानात ‘मॅडॉक्स’ व ‘टर्नर जॉय’ या नौकांनी रडार आणि सोनारवरील खुणांवर विसंबून गोळीबार केला. काही तासांतच ‘मॅडॉक्स’वरील अधिकाऱ्याने या खुणांविषयी शंका कळवली होती. हा दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे स्पष्ट झाले. शंका कळवली गेली असतानाही हवाई हल्ल्यांचा आदेश निघाला. ७ ऑगस्टला काँग्रेसने प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, तर सेनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना लष्करी कारवाईची व्यापक मुभा दिली. युद्धाची रीतसर घोषणा कधीच झाली नाही.

युद्धनीती : मार्च १९६५ मध्ये उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बफेक सुरू झाली आणि दा नांग येथे मरीन दलाचे सुमारे ३,५०० सैनिक उतरले. एप्रिल १९६९ पर्यंत अमेरिकी सैन्य सुमारे ५,४३,००० झाले. अमेरिकी फौजांचे सेनापती जनरल विल्यम वेस्टमोरलंड यांची नीती शत्रूची भरून न निघणारी हानी करून त्याला जेरीस आणण्याची होती. प्रदेश ताब्यात ठेवण्यापेक्षा मारलेल्या शत्रूंची संख्या हेच यशाचे माप ठरले. त्यामुळे आकडे फुगवले गेले आणि मृत नागरिकांचीही नोंद अनेकदा शत्रू म्हणून झाली. शत्रूचा आसरा नाहीसा करण्यासाठी १९७१ पर्यंत जंगले व पिकांवर कोट्यवधी लिटर वनस्पतिनाशके फवारली गेली. त्यांपैकी ‘एजंट ऑरेंज’मधील डायॉक्सिन या विषारी द्रव्याचे दुष्परिणाम व्हिएतनामी जनतेला आणि अमेरिकी सैनिकांनाही दीर्घकाळ भोगावे लागले. उत्तरेतून दक्षिणेत रसद नेणारा, लाओस व कंबोडियातून जाणारा ‘हो चि मिन्ह मार्ग’ मात्र बॉम्बफेकीने कायमचा बंद पडला नाही.

१६ मार्च १९६८ रोजी क्वांग न्गाई प्रांतातील माय लाई येथे अमेरिकी तुकडीने निःशस्त्र ग्रामस्थांची कत्तल केली. व्हिएतनामी नोंदींनुसार मृतांची संख्या ५०४ असून त्यांत स्त्रिया, मुले व वृद्ध होते. ह्यू थॉम्पसन या अमेरिकी वैमानिकाने आपले हेलिकॉप्टर सैनिक व ग्रामस्थ यांच्यामध्ये उतरवून काही जणांचे प्राण वाचवले. हे प्रकरण वर्षाहून अधिक काळ दडपले गेले. नोव्हेंबर १९६९ मध्ये पत्रकार सेमूर हर्श यांनी ते उघडकीस आणले. त्यात एकटे लेफ्टनंट विल्यम कॅली दोषी ठरले.

जनमताचा विरोध : विजय दृष्टिपथात असल्याचे सरकार सांगत असतानाच जानेवारी १९६८ च्या अखेरीस ‘तेत’ या चांद्र नववर्षाच्या सणात उत्तर व्हिएतनामी सैन्याने व व्हिएतकाँगने शंभराहून अधिक शहरे व गावांवर हल्ले केले. सायगावमधील अमेरिकी दूतावासाच्या आवारातही हल्लेखोर शिरले. लष्करीदृष्ट्या हल्लेखोरांचे प्रचंड नुकसान झाले, पण सरकारच्या शब्दावरील अमेरिकी जनतेचा विश्वास ढासळला. ३१ मार्चला जॉन्सन यांनी निवडणूक न लढवण्याची घोषणा केली.

विद्यापीठांत सुरू झालेला विरोध सक्तीच्या सैन्यभरतीमुळे घराघरांत पोहोचला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सवलतीमुळे भरतीचा भार गरीब व कामगारवर्गीय तरुणांवर अधिक पडला. १९६७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी युद्धाचा जाहीर निषेध केला आणि मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांनी सैन्यात दाखल होण्यास नकार दिला. ४ मे १९७० रोजी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. १९७१ मध्ये डॅनिएल एल्सबर्ग यांनी ‘पेंटॅगॉन पेपर्स’ हा संरक्षण खात्याचा गुप्त अभ्यास वृत्तपत्रांना दिला. सरकारला खासगीत ठाऊक असलेली वस्तुस्थिती आणि त्याने जनतेला सांगितलेली हकिगत यांतील तफावत त्यातून उघड झाली. त्याच्या प्रसिद्धीवर घालण्यात आलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने उठवली.

माघार व परिणाम : जॉन्सन यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी लढाईची जबाबदारी टप्प्याटप्प्याने दक्षिण व्हिएतनामी सैन्याकडे सोपवण्याचे धोरण आखले, त्याच वेळी कंबोडियात सैन्य घुसवून युद्धाची व्याप्तीही वाढवली. २७ जानेवारी १९७३ रोजी पॅरिसमध्ये करार झाला आणि २९ मार्चला शेवटच्या लढाऊ तुकड्या परतल्या. वाटाघाटी करणारे हेन्री किसिंजर व ले डुक थो यांना शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. थो यांनी ते नाकारले. दोन वर्षांनी उत्तरेच्या फौजांनी सायगाव घेतले आणि जुलै १९७६ मध्ये देशाचे औपचारिक एकीकरण झाले.

युद्धात ५८,००० हून अधिक अमेरिकी मरण पावले. व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार सुमारे ११ लाख लढवय्ये व २० लाख नागरिक बळी पडले. लाओसवर २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले गेले आणि न फुटलेल्या बॉम्बमुळे तेथील शेतकरी व मुले पुढेही जायबंदी होत राहिली. एकीकरणानंतर लाखो व्हिएतनामींनी देश सोडला.

अमेरिकेत सक्तीची भरती १९७३ मध्ये थांबली आणि राष्ट्राध्यक्षांच्या युद्धविषयक अधिकारांना मर्यादा घालणारा कायदा त्याच वर्षी झाला. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध १९९५ मध्ये प्रस्थापित झाले. स्वतःच्या जनतेचा आधार नसलेली राजवट परकीय शस्त्रबळावर फार काळ टिकत नाही, आणि खोट्या माहितीवर मिळवलेला पाठिंबा सत्य बाहेर येताच कोसळतो, हे या युद्धाने सिद्ध केले. त्याची सर्वाधिक किंमत व्हिएतनाम, लाओस व कंबोडियातील सामान्य माणसांनी मोजली.