तोफेची लांबी नेमकी कुठून मोजायची?



मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी 'बिस्मार्क' या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन युद्धनौकेचं मॉडेल बांधायला घेतलं. प्रमाण १:३५०. खरी नौका सुमारे २५१ मीटर लांब, मॉडेल साधारण ७२ सेंटीमीटर. किटमधल्या प्लॅस्टिकच्या तोफांवर साच्याची शिवण दिसत होती, म्हणून लेथवर कातलेल्या पितळी नळ्या वेगळ्या मागवल्या. बिस्मार्कवर दोन-दोन तोफांचे चार टरेट होते, म्हणजे एकूण आठ नळ्या.

पार्सल आलं आणि लॅबच्या सवयीप्रमाणे मी आधी व्हर्निअर काढला. प्रत्येक नळी माझ्या हिशेबापेक्षा बरीच आखूड भरली. विक्रेत्याला तक्रारीचा मेलही लिहून झाला. तो पाठवला नाही हे नशीब, कारण चूक माझी होती. ती नीट समजून घ्या, कारण संशोधनात तुम्हीही अशी चूक करण्याची दाट शक्यता आहे.

माझा हिशेब असा होता. या तोफेचं नाव '३८ सेंमी एसके सी/३४'. एसके म्हणजे झटपट भरता येणारी तोफ आणि ३४ म्हणजे आराखड्याचं वर्ष, १९३४. पुस्तकांत तिच्यापुढे 'एल/५२' असंही लिहिलेलं असतं. म्हणजे नळीची लांबी तिच्या व्यासाच्या, अर्थात कॅलिबरच्या, ५२ पट. ३८ गुणिले ५२ म्हणजे १९.७६ मीटर. भागिले ३५०, उत्तर ५६.५ मिलिमीटर. गणित बरोबर आहे ना? गणित बरोबरच होतं, पण त्यात घातलेल्या आकड्यांचा अर्थ मी विचारलाच नव्हता.

पहिली गोष्ट, ५२ हा सोयीसाठी पूर्ण केलेला आकडा आहे. खरा गुणक सुमारे ५१.६६ आणि खरी लांबी १९.६३ मीटर. मॉडेलवर हा फरक जेमतेम ०.४ मिलिमीटरचा. तो एक वेळ सोडून देऊ.

दुसरी गोष्ट, ही अख्ख्या तोफेची लांबी आहे. तिचा मागचा भाग टरेटच्या आत असतो आणि तो कधीच दिसत नाही. मॉडेलसाठी कातलेला तुकडा मुख्यतः बाहेर दिसणाऱ्या भागाचा असतो. माझी तक्रार इथेच संपली. मी एका वस्तूची लांबी मोजत होतो आणि तुलना दुसऱ्याच वस्तूशी करत होतो.

तिसरी गोष्ट मात्र इतिहासाच्या अभ्यासकांनाही चकवते. जर्मन पद्धतीत 'एल' म्हणजे नळीच्या तोंडापासून थेट मागच्या टोकापर्यंतची, ब्रीचसकट लांबी. ब्रिटिश पद्धतीत फक्त आतली पोकळी मोजतात, म्हणजे बंद ब्रीचच्या आतल्या बाजूपासून तोंडापर्यंत. बिस्मार्कच्या तोफेची पोकळी सुमारे १८.४ मीटर होती. दोन मोजमापांत सव्वा मीटरचा फरक, म्हणजे मॉडेलवर साडेतीन मिलिमीटर. हा नुसत्या डोळ्यांना दिसतो.

२४ मे १९४१ रोजी बिस्मार्कने ब्रिटिशांची 'हूड' बुडवली. हूडच्या १५ इंची तोफा ४२ कॅलिबरच्या होत्या. मग आपण सहज लिहून जातो, 'जर्मन तोफ दहा कॅलिबरने लांब होती.' पण ५२ आहे जर्मन पद्धतीचा आणि ४२ ब्रिटिश पद्धतीचा. दोन्हींची पोकळीच मोजली तर ४८.४ विरुद्ध ४२, म्हणजे फरक साडेसहाच्या आत येतो. तोफ लांब होतीच, पण त्या दहातले साडेतीन कॅलिबर निव्वळ व्याख्येतून आले होते.

आता 'शार्नहॉर्स्ट' घ्या. तिच्या नऊ तोफांना २८ सेंमी म्हणत, पण खरा व्यास २८.३ सेंमी होता. तीन मिलिमीटरचा फरक. १:३५० मध्ये नळीच्या तोंडाशी तो ०.०१ मिलिमीटरपेक्षाही कमी होतो. माझ्या व्हर्निअरचं लघुतम माप ०.०२ आहे, म्हणजे त्याला हा फरक कळणारच नाही. विसरून जावं का? थांबा. लांबी काढताना याच व्यासाला ५४.५ ने गुणायचं असतं. २८ धरलं तर १५.२६ मीटर येतात आणि २८.३ धरलं तर १५.४२. तीन मिलिमीटरचे सोळा सेंटीमीटर झाले! मॉडेलवर जवळपास अर्धा मिलिमीटर. तोंडाशी नगण्य असलेली त्रुटी गुणाकारात शिरून परत आली.

हे पडताळायला खरी वस्तू आजही शिल्लक आहे. शार्नहॉर्स्टची जुळी नौका 'ग्नायझेनाऊ' फेब्रुवारी १९४२ मध्ये कील बंदरात बॉम्बहल्ल्यात निकामी झाली. तिचा एक तीन तोफांचा टरेट नॉर्वेतल्या ऑस्ट्रॉट इथे किनारी संरक्षणासाठी बसवला गेला आणि तो अजून तिथेच आहे. नाव काहीही सांगो, तिथल्या नळीचा व्यास आजही मोजता येतो.

हे सगळं मला इतकं का लागलं, ते सांगतो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी दोन शोधनिबंधांतली आकडेवारी एकाच आलेखात घातली. विषय होता पातळ थरांची जाडी. सुंदर सरळ रेषा आली. मी ती प्रगती अहवालात मांडली, आणि समितीतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "दोघांनी जाडी कुठून मोजलीय?" एकाने खालचा आधाराचा थर धरला होता, दुसऱ्याने नव्हता. दुरुस्ती केल्यावर रेषा गेली. दीड महिन्याचं काम गेलं. खरं सांगायचं तर रडू आलं होतं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक तक्त्यात 'एकक' या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असतो: 'कुठून कुठपर्यंत'. तुम्ही नेट-सेटची तयारी करत असाल किंवा नुकतं रजिस्ट्रेशन झालं असेल, तर हा रकाना आजपासूनच सुरू करा. एकक जुळलं की आपण निर्धास्त होतो. पण मीटर दोघांचेही सारखेच असतात, सुरुवात कुठून केली ते वेगळं असू शकतं.

आणि हो, पितळी नळ्या बसवल्या. अगदी चपखल बसल्या. तो तक्रारीचा मेल ड्राफ्टमध्ये तसाच ठेवलाय, मुद्दाम.