पवनचक्कीच्या पात्याची उत्तरक्रिया

यंत्रांचा इतिहास लिहितांना त्यांचा जन्म आणि पराक्रम यांचें वर्णन करण्याची रीत आहे; त्यांच्या उत्तरक्रियेकडे सहसा कोणी पाहत नाहीं. पवनचक्कीच्या पात्याचा इतिहास मात्र याच टोंकाकडून वाचण्याजोगा आहे, असें आम्हांस वाटतें.

१८८८ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें चार्ल्स ब्रश यानें विजेसाठीं जी चक्की उभारली, तिला देवदारजातीच्या लांकडाचीं १४४ पातीं होतीं. लांकूड जीर्ण झालें कीं मातींत मिळतें किंवा चुलींत जातें. १९४१ सालीं व्हर्माँटमधील प्रचंड चक्कीला पोलादी पातीं बसविलीं. त्यांपैकीं एक १९४५ च्या मार्चांत मोडून पडलें. परंतु मोडकें पोलाद भट्टींतून पुन्हां नवें होतें. पुढें १९७८ सालीं डेन्मार्कमधील ट्विंड येथें फिरूं लागलेल्या चक्कीचीं पातीं काचतंतू आणि राळ यांचीं होतीं. आणि हाच मार्ग सर्वमान्य झाला.

असें पातें हलकें, चिवट आणि ऊनपावसाला दाद न देणारें असतें. पण लाख तापविली कीं वितळते, आणि भाजलेलें मडकें पुन्हां चिखल होत नाहीं. पात्यांतील राळेची जात मडक्याची आहे. एकदां घट्ट झाल्यावर ती वितळत नाहीं व पोटांतील तंतू सहजासहजीं सोडीत नाहीं. ज्या गुणामुळें पातें वीस-पंचवीस वर्षें वाऱ्याशीं झुंजतें, तोच त्याच्या अंतकाळीं दोष ठरतो.

या दोषावर निरनिराळ्या देशांनीं निरनिराळे उपाय योजिले. अमेरिकेंतील वायोमिंगमध्यें कॅस्पर गांवाच्या कचराभूमींत पात्यांचे तुकडे करून ते पुरण्यांत आले. जर्मनींत २००५ पासून असें पुरण्यास मनाई आहे. तेथें पातीं भरडून सिमेंटच्या भट्टींत घालतात. राळ इंधन होते, काच सिमेंटांत मिसळते; मात्र मूळ तंतूंचें बळ कायमचें जातें. आयर्लंडमधील कॉर्क परगण्यांत २०२२ सालीं जुन्या पात्यांचा पादचारी पूल झाला. हा उपाय सुंदर खरा, परंतु हजारों पात्यांसाठीं हजारों पूल कोठून आणावयाचे? २०२१ पासून, सौम्य आम्लांत सुटणाऱ्या राळेचीं पातीं निघूं लागलीं आहेत. त्यांचा लाभ पुढील पिढीस होईल, आज उतरणाऱ्या पात्यांस नाहीं.

न्यायानें बोलावयाचें तर, चक्कीच्या वजनाचा सुमारें ८५ ते ९० टक्के भाग पुन्हां उपयोगांत आणतां येतो. म्हणून या कचऱ्याचें निमित्त करून वाऱ्याच्या विजेलाच दूषण देणें अप्रयोजकपणाचें होईल. परंतु उरलेला भाग थोडा म्हणून तो कोणाचाच नव्हे, हें म्हणणेंही तितकेंच खोटें. सातारा जिल्ह्यांतील वनकुसवड्याच्या पठारावर गेल्या शतकाच्या अखेरीपासून चक्क्या फिरत आहेत. त्यांतील जुन्या चक्क्यांची उतरण्याची वेळ आली आहे. वीज एकानें न्यावी आणि अवशेष पठारानें संभाळावे, हा व्यवहार नीतीचा नव्हे. चक्की उभारण्याच्या करारांतच तिच्या अखेरीचा खर्च आणि जबाबदारी लिहिली गेली पाहिजे.