वाघाचं तोंड कुणी लावलं?

गेवराईच्या स्टँडवर लागलेल्या एसटीच्या पाटीवर 'राक्षस' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला. पाटी होती राक्षसभुवनची. गोदाकाठचं गाव, शनीचं देऊळ, शनी अमावास्येची गर्दी. इतिहासाच्या पुस्तकात ते भेटलं १० ऑगस्ट १७६३ या तारखेला. त्या दिवशी थोरल्या माधवरावांनी तिथे निजामाचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. त्यामुळे राक्षस म्हटलं की मला भीती आठवत नाही, गाव आठवतं. त्यात माझं नक्षत्र मघा, म्हणजे गण राक्षस. आजी म्हणायची, राक्षसगणाच्या पोराला भूतच भिऊन असतं.

म्हणून शिकायला पुण्यात गेल्यावर मित्रांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रं घेऊन खेळायच्या कथाखेळाचा डाव मांडला तेव्हा मी लगेच म्हणालो, मला राक्षस व्हायचंय. मित्राने पुस्तक पुढे सरकवलं. चित्रात वाघाच्या तोंडाचा, भरजरी झग्यातला एक प्राणी होता आणि त्याचे तळहात उलटे, जिथे आपली हाताची पाठ असते तिथे. "हा होता येत नाही, हा मारायचा असतो," मित्र म्हणाला. तो राग माझा अजून गेलेला नाही. ही कुळकथा त्याच रागातून शोधली.

धागा सापडला तो खेळाच्या जुन्या नियमांतल्या एका ओळीत. साधी शस्त्रं या राक्षसाला लागत नाहीत, पण धर्मगुरूने मंतरलेला क्रॉसबोचा बाण बसला की तो जागीच मरतो. क्रॉसबो म्हणजे दांड्यावर आडवं बसवलेलं, चाप ओढून बाण सोडायचं धनुष्य. आपल्या कुठल्या कथेत राक्षस अशा धनुष्याने मेला? घटोत्कच मेला इंद्राने कर्णाला दिलेल्या शक्तीने. हिडिंब आणि बकासुर भीमाच्या हातांनी. मग हे चापाचं धनुष्य आलं कुठून?

आलं शिकागोहून. २० डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत 'कोलचॅक: द नाइट स्टॉकर' या दूरचित्रवाणी मालिकेचा एक भाग दाखवला गेला. शिकागोतली म्हाताऱ्या ज्यू लोकांची वस्ती, तिथे माणसं खाल्ली जातायत. भिंतींवर स्वस्तिकं उमटतात आणि ती म्हातारी माणसं हादरतात, कारण त्यांना ते हिटलरचं चिन्ह वाटतं. खरं तर ती राक्षसाला अडवण्यासाठी एका वृद्ध हिंदू शिकाऱ्याने काढलेली असतात. (आपल्या उंबऱ्यावरचं शुभचिन्ह त्या दारांवर काय होऊन बसलं, हे पाहताना माझ्या पोटात कालवलं.) राक्षस प्रत्येकाला त्याच्या विश्वासातल्या माणसाच्या रूपात दिसतो. शेवटी तो नायकासमोर एका प्रेमळ म्हातारीचं रूप घेऊन येतो आणि नायक त्याला मारतो, मंतरलेल्या बाणाने, क्रॉसबोवरून.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७५मध्ये, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढणाऱ्या कंपनीच्या 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या पत्रिकेच्या पाचव्या अंकात हा राक्षस अवतरला. तसाच मायावी रूप घेणारा, तसाच त्या बाणाने मरणारा. दोन खुणा आणि एका वर्षाचं अंतर. माझ्या मते तो रामायणातून नाही, टीव्हीतून आला.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. रावण मेला तो अगस्त्यांनी दिलेल्या, रामाने मंत्र म्हणून सोडलेल्या बाणानेच. मग मंतरलेला बाण आपलाच की! मान्य. पण हा आक्षेप मालिका लिहिणाऱ्याला लागू पडतो, खेळाला नाही. बाण अयोध्येहून निघाला असेल, खेळात पोचला तो शिकागोमार्गे. धनुष्याचा क्रॉसबो त्या वाटेवर झाला.

वाघाचं तोंड मात्र शिकागोचंही नाही. मालिकेतला राक्षस केसाळ, झिपरा प्राणी आहे. वाघ सगळ्यांच्या मनात बसवला तो या खेळाच्या १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या पुस्तकातल्या डेव्हिड ट्रॅम्पियरच्या चित्राने. खुर्चीत आरामात बसून पाइप ओढणारा वाघ्या राक्षस. मग आपल्याकडचे दाखले बघू लागलो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडळातलं १०४वं सूक्त राक्षसांच्या नाशासाठी आहे. त्यात ते घुबड, कुत्रा, गिधाड अशा रूपांनी येतात. वाघ नाही. असणार कसा, अख्ख्या ऋग्वेदात सिंह आहे, वाघ नाहीच. माझं मत इथे पक्कं झालं होतं, तेवढ्यात सुंदरकांडाने धक्का दिला. अशोकवनात सीतेभोवती बसलेल्या राक्षसींची तोंडं वाल्मीकींनी एका ओळीत अशी सांगितली आहेत: डुक्कर, हरीण, वाघ, म्हैस, बकरी, कोल्हीण. वाघ आहे, पण सहांतला एक. बाकी पाच का गळाले? माझा अंदाज असा की पाश्चात्त्य वाचकाला हिंदुस्थानातला नरभक्षक म्हटला की एकच आठवायचा. किपलिंगचा शेरखान १८९४पासून त्यांच्या घराघरात होता, पुढे १९४४मध्ये कॉर्बेटचं कुमाऊँच्या नरभक्षकांवरचं पुस्तक आलं. राक्षस माणूस खातो, हिंदुस्थानात माणसाला वाघ खातो, मग राक्षस म्हणजे वाघ. २०१४मध्ये 'मॅजिक' या पत्त्यांच्या खेळाच्या एका संचात तर राक्षसांच्या पत्त्यांवर प्रकार म्हणून मांजर आणि दैत्य असंच छापलं. त्याचं शेपूट बघून मला वाईट वाटलं.

उलटे हात आपल्याकडे मी कुठेच वाचले नाहीत. उलटी पावलं मात्र पोरासोरांनाही माहीत, हडळीची. ती जुनी आहेत. अथर्ववेदात गर्भवतीच्या रक्षणाच्या सूक्तात टाच पुढे, चवडा मागे असलेले जीव येतात. तीच पावलं परदेशी चित्रात हातांवर चढली असावीत.

पण तोंड आणि हात यांपेक्षा मला जास्त लागतं ते नाव. यास्काच्या निरुक्तात 'रक्षस्'च्या तीन व्युत्पत्ती आहेत: ज्याच्यापासून रक्षण करायचं तो, एकांतात मारणारा तो, रात्री फिरणारा तो. युरोपी भाषापंडित तर हा शब्द इजा करणं या अर्थाच्या वेगळ्याच मुळाशी नेतात. यांच्या विरुद्ध उभी आहे रामायणाच्या उत्तरकांडातली गोष्ट. ब्रह्मदेवाने आधी पाणी निर्माण केलं, मग ते राखायला जीव निर्माण केले. 'आम्ही रक्षण करू' म्हणाले ते राक्षस, 'आम्ही पूजन करू' म्हणाले ते यक्ष. अभ्यासक म्हणतात, ही मागाहून जुळवलेली गोष्ट आहे, वेदात हा शब्द आधीपासून शत्रूचाच आहे. काळाचा हिशेब त्यांच्या बाजूने आहे, हे मी नाकारत नाही.

तरी मी उत्तरकांडाकडेच उभा आहे, आणि माझा साक्षीदार मराठी भाषा आहे. 'रक्ष्'चं आपल्याकडे 'राखणं' झालं. आमच्याकडे हुरड्यात आलेला जोंधळा गोफण घेऊन राखतात. कोकणात गावाची वेस राखणारा अदृश्य राखणदार असतो, गोव्यात देवचार. त्याला कोंबडा देतात, दारू देतात, रात्री त्याच्या वाटेत उभं राहत नाहीत. ज्याची भीती वाटते आणि ज्याच्या भरवशावर गाव झोपतं, तो एकच. मग यास्काचा अर्थ आणि उत्तरकांडाचा अर्थ एकमेकांचे वैरी कशाला? अशोकवनातल्या त्या नाना तोंडांच्या राक्षसी तरी काय करत होत्या? पहाराच देत होत्या. आणि विशाखदत्ताने 'मुद्राराक्षस'मध्ये नंदांच्या ज्या अमात्याचं इमान अख्खं नाटकभर तोललं, त्याचं नाव राक्षस.

हे सगळं खेळात कुठेच नाही. २०१४च्या नियमांत तो नरकातून आलेला दुष्ट आत्मा आहे. चांगल्या माणसाने जादूचं टोकदार शस्त्र खुपसलं तर त्याला दुप्पट इजा होते, म्हणजे शिकागोचा बाण अजून रुतलेलाच. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स'ने २०२०मध्ये 'राजी' हा देखणा व्हिडिओ गेम काढला. माझ्या मोठ्या आशा होत्या, पण तिथेही मारायचा आहे तो महाबलासुरच.

म्हणून गेवराईत आता आमच्या घरी डाव बसतो तेव्हा राक्षस मी चालवतो. महिना वैशाख, गोदेचं पात्र कोरडं, एकच डोह उरलेला, आणि तो राखत बसलेला माझा राक्षस. पाणी हवं तर त्याच्याशी बोलावं लागतं. क्रॉसबो आमच्या यादीतून काढून टाकला आहे. भाच्याला मी ऋग्वेदातल्या सूक्तातली यादी वाचून दाखवली आणि त्याने त्याला घुबडाचं तोंड काढलं. हात सरळ आहेत. पावलं मात्र त्याने विचारून उलटी ठेवली.