परतलेल्या शिपायाचे घर

इतिहासाच्या पुस्तकांत लढायांच्या तारखा ठळक छापलेल्या असतात. लढाई संपल्यावर शिपाई कुठे राहायला गेला, हे मात्र सहसा कुणी लिहून ठेवत नाही. आम्ही नांदेड-लातूरकडचे मराठीचे अध्यापक. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले आणि पुढच्याच वर्षी पानिपत झाले, एवढे आम्हीही वर्गात उत्साहाने सांगतो. पण उदगीरहून जे शिपाई घरी परतले त्यांचे घर म्हणजे नेमके काय होते, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर आमच्यापाशी तयार उत्तर नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

शोधाचे निमित्त मात्र दूरचे आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात मिसिसिपी आणि मिनेसोटा या नद्यांच्या संगमावर फोर्ट स्नेलिंग हा १८२० च्या दशकातला लष्करी तळ आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, लष्कराने तो सोडला आणि त्याच्या बराकी कित्येक दशके पडून राहिल्या. २०१५ साली त्यांतल्या पाच जुन्या इमारती दुरुस्त करून तिथे ५८ घरे तयार करण्यात आली. ती बेघर झालेल्या किंवा होऊ घातलेल्या माजी सैनिकांसाठी आहेत आणि भाडे त्यांना परवडेल असे आहे. कल्पना मनाला भावते. शिपाई ज्या भिंतींतून बाहेर पडला त्याच भिंतींनी त्याला पुन्हा आत घ्यावे, यात काव्यगत न्याय आहे. पण याच तळावर १८६२-६३ च्या हिवाळ्यात डाकोटा जमातीच्या सोळाशेहून अधिक लोकांना कोंडून ठेवले होते आणि त्यांत बहुतेक बायका, मुले व म्हातारी माणसे होती. जुन्या वास्तूत घर करायचे म्हणजे तिचा सगळा इतिहास उशाशी घेऊन झोपायचे, हेही त्याबरोबर लक्षात ठेवावे लागते.

आपल्याकडे पूर्वी लढणाऱ्या माणसाचे घर आणि त्याचे ठाणे वेगळे नव्हते. गडावरची शिबंदी गडावर राही, आणि गडाच्या घेऱ्यात रामोशी, महार, कोळी अशा जमातींना चाकरीच्या बदल्यात जमिनी असत. म्हातारपणी निवृत्तिवेतन नसे, पण मुलगा चाकरीत आला की छप्पर कायम राही. ही व्यवस्था दयाळू होती असे आमचे म्हणणे नाही. जन्माने मिळालेले काम आणि जन्माने मिळालेली जागा अशीच तिची बांधणी होती. तरीही ती मोडली तेव्हा काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात, इंग्रजांनी नेमलेले कारभारी दाजी कृष्ण पंडित यांच्या काळात, गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे वर्ग झाली आणि सामानगडाचे दरवाजे बंद झाले. ते लोण इतर गडांवरही गेले. इतिहास याला ‘गडकऱ्यांचे बंड’ म्हणतो. आमच्या मते ते घर जाण्याच्या भीतीचेही बंड होते.

कंपनी सरकारने शिपायाला ठाण्यापासून तोडले आणि त्याच्या हाती निवृत्तिवेतन दिले. युरोपात याआधीच म्हाताऱ्या शिपायांसाठी वास्तू उभ्या राहिल्या होत्या. फ्रान्समध्ये १६७० मध्ये ‘अँव्हालीद’ आणि इंग्लंडमध्ये १६८२ मध्ये चेल्सीचे रॉयल हॉस्पिटल यांची स्थापना झाली. हिंदुस्थानात कंपनीने काय केले? गंगाकाठच्या चुनार किल्ल्याचा आणि त्याच्या पायथ्याचा उपयोग तिने लढाईला निकामी ठरलेल्या गोऱ्या शिपायांना ठेवण्यासाठी केला. जुनी वास्तू माजी सैनिकांच्या निवासाला देण्याचे हे आपल्या देशातले ठळक उदाहरण. काळ्या शिपायाला मात्र किल्ला मिळाला नाही. भागलपूरकडे अशा निवृत्त शिपायांना कंपनीने पडीक, रानटी जमीन दिली आणि ती कसून राहा म्हटले. एकाला तयार भिंत मिळाली, दुसऱ्याला नुसती माती. घराच्या वाटपात रंग आडवा आला तो असा.

महाराष्ट्रात याच गोष्टीचा पुढचा अध्याय दापोलीला घडला. पेशवाई बुडाल्यावर १८१८ नंतर दक्षिण कोकणची लष्करी छावणी तिथे आली. १८४० साली नियमित फौज हलली, पण जुन्या शिपायांची पलटण १८५७ पर्यंत तिथेच होती. छावणी उठली तरी ‘कॅम्प दापोली’ हे नाव राहिले आणि निवृत्तिवेतन घेणारे शिपाईही राहिले. त्यांत महार सैनिक पुष्कळ होते. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर त्यांपैकीच. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर लहानग्या भीमरावाला घेऊन काही काळ दापोलीला राहिले होते.

या लोकांपाशी सरकारी कागद होते, दरमहा येणारे पैसे होते, राहायला छप्पर होते. तरीही १८९० च्या दशकाच्या आरंभी या निवृत्त सैनिकांना आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज करावे लागले. मुलांना शाळेची वाट मोकळी झाली ती ओसरीपर्यंतच. वर्गाच्या आत त्यांना जागा नव्हती. साम्राज्यासाठी देशोदेशी लढलेल्या बापाचा मुलगा उंबऱ्याबाहेर बसून अक्षरे गिरवत होता. त्याच सुमारास महारांची लष्करभरतीही बंद झाली आणि वलंगकरांना त्याविरुद्ध अर्ज तयार करावा लागला. घर चार भिंतींनी होत नाही, शेजाराने होते. दापोलीच्या निवृत्त सैनिकांना भिंती मिळाल्या, शेजार मिळाला नाही.

मराठवाड्याची कथा निजामाच्या राज्यातली, म्हणून थोडी वेगळी. १८५३ च्या तहानंतर ‘हैदराबाद कंटिंजंट’ या नावाची, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची आणि वऱ्हाडच्या उत्पन्नावर पोसलेली फौज इथे स्थिरावली. हिंगोली, जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, ही तिची ठाणी. १९०३ साली ती हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्यातून पुढे हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये त्या रेजिमेंटचे नाव ‘कुमाऊँ’ झाले. ज्या फौजेच्या एका मुळाशी हिंगोलीची छावणी आहे, तिच्या नावात आज हिमालय आहे. पलटणीला नवे नाव आणि नवे गाव मिळाले. छावणीच्या आसऱ्याने जगणाऱ्या मोतद्दार, भिस्ती, न्हावी, धोबी आणि वयस्क शिपायांना मात्र पलटणीबरोबर जाणे शक्य नव्हते.

याला नांदेडात एक अपवाद दिसतो. १८३० च्या दशकात, निजामाचे पेशकार चंदुलाल यांच्या काळात, महाराजा रणजितसिंहांकडून शिखांची एक तुकडी दक्षिणेत आली. तिला ‘लाहोरी फौज’ म्हणतात. त्याच दशकात रणजितसिंहांच्या आश्रयाने नांदेडला गुरू गोविंदसिंहांच्या समाधिस्थानी सचखंड गुरुद्वारा उभा राहिला. या शिपायांचे वंशज हैदराबादेत आणि नांदेडात रुजले. त्यांना आज ‘दक्खनी शीख’ म्हणतात, आणि नांदेडातले अनेक जण आपल्याइतकेच सहज मराठी बोलतात. हे शिपाई परके होते, पण त्यांच्या वस्तीला एक केंद्र होते. तिथल्या पंगतीत जागा मागावी लागत नव्हती. दापोली आणि नांदेड यांतला फरक दगडमातीचा नाही, या पंगतीचा आहे.

आता भिंतीची गोष्ट, कारण लातूरकडच्या माणसाला ती टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारी-सास्तूरच्या परिसरात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक भूकंपाने नव्हे, घरांनी मारली. दोन-दोन हात रुंदीच्या दगडी भिंती चिखलात रचलेल्या, आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, आणि वर माळवदाची फूटभराहून जाड माती. भिंत फुगून दोन्हीकडे ढासळली आणि माळवद खाली आले. कुडाच्या झोपडीतला गरीब वाचला, वाड्यातला सुखवस्तू गेला, असे अनेक ठिकाणी घडले. नंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. दगडी भिंतीखाली झोपायचे नाही, ही धास्ती मात्र आमच्या भागात अजून आहे.

म्हणून कुणी जुन्या वास्तूंत माजी सैनिकांसाठी घरे करू म्हणाला, तर आम्ही आधी दोन प्रश्न विचारू. पहिला किल्लारीचा: भिंत टिकेल काय? त्यावर उपाय आहेत. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार बंध घालणे, माळवदाची माती उतरवून छप्पर हलके करणे, भिंतींना सलग काँक्रीटचा पट्टा देणे हे भूकंपानंतर आपण शिकलो आहोत. त्याला खर्च येतो, पण ते जमण्यासारखे आहे. दुसरा प्रश्न दापोलीचा: दार कुणाला उघडेल, आणि आत आलेला माणूस उपकाराने राहील की हक्काने? याला गवंडी पुरत नाही.

कंधार, औसा, उदगीर यांसारखे किल्ले स्मारक म्हणूनच जपावेत. त्यांत बिऱ्हाडे मांडू नयेत. पण तालुक्यांच्या गावी निजामकाळातल्या कचेऱ्या, डाकबंगले, पोलिसांच्या चाळी नव्या इमारती झाल्यावर कुलूप घालून ठेवल्या जातात आणि दोन पावसाळ्यांत त्यांवर पिंपळ उगवतो. अशांपैकी एखादी जरी दुरुस्त करून निवृत्त जवानाला किंवा वीरपत्नीला परवडणाऱ्या भाड्याने, लेखी कराराने दिली, तरी इमारत आणि माणूस दोघेही वाचतील. ग्रामपंचायतींच्या हद्दीत माजी सैनिकांना घरपट्टी माफ करण्याचा निर्णय राज्याने २०२० साली घेतला, तो चांगलाच आहे. पण घरपट्टी माफ व्हायला आधी घर असावे लागते. त्यातच २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेच्या नियमांप्रमाणे चारांपैकी तीन तरुण चार वर्षांनी निवृत्तिवेतनाशिवाय परतायचे आहेत. आमच्या वर्गांतली कोरडवाहू घरांतली मुले या भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आता आम्ही असे देऊ. शिपायाचे घर आपण त्याच्या ठाण्याला बांधले होते. मग ते सोडवून त्याच्या हाती पैसे दिले. पण गावात त्याला जागा देण्याचे काम तसेच राहिले. ते ओसरीपर्यंत येऊन थांबले आहे.