‘लावणे’ ते ‘टाकणे’ : घरगुती यंत्रांची बोलभाषा

घरातील विजेची उपकरणे, मोबाईल आणि संगणक हाताळताना गोमंतकातील मराठी भाषक जे शब्द वापरतात, त्यांत वस्तूंची नावे बहुधा इंग्रजी असतात. कृती सांगणारी क्रियापदे मात्र बहुतांशी मराठीच असतात. फ्रीज, मिक्सर, रिमोट, चार्जर, लॅपटॉप ही नावे त्या त्या वस्तूसोबतच घरात आली. लावणे, काढणे, टाकणे, भरणे, उचलणे, ठेवणे ही क्रियापदे त्याआधीपासून घरात नांदत होती. नव्या यंत्राची ओळख होते ती या जुन्या क्रियापदांच्या आधारानेच.

जुनी क्रियापदे, नवी यंत्रे

‘लावणे’ हे यांपैकी सर्वांत व्यापक क्रियापद. तिन्हीसांजेला दिवा लावतात, तसाच पंखा, टीव्ही, गजर, कुकर आणि फोनही लावतात. मोबाईल चार्जिंगला लावतात. तेलाचा दिवा ‘विझवणे’ अशुभ मानले जाई, म्हणून तो मालवत किंवा शांत करत. विजेचा दिवा आल्यावरही अनेक घरांत ‘मालवणे’ टिकून राहिले.

चूल, गॅस आणि रेडिओ यांच्याबाबतही असेच दिसते. गॅस ‘बारीक’ किंवा ‘मोठा’ करतात, तसाच आवाजही. वाटण मिक्सरच्या भांड्याच्या आत होते, तरी ते ‘मिक्सरवर’ वाटतात, कारण पाट्यावर किंवा रगड्यावर वाटण्याची सवय भाषेत मुरलेली आहे. मोबाईलला रिसीव्हर नाही, तरी फोन ‘उचलतात’ आणि ‘ठेवतात’. तबकडी असलेले दूरध्वनी दिसेनासे झाले, तरी क्रमांक ‘फिरवण्याची’ भाषा जुन्या पिढीच्या तोंडी आहे. यंत्र बदलले, तरी हाताची आठवण शब्दात उरते.

पेडणे आणि डिचोलीची स्थिती

पेडणे आणि डिचोली हे तालुके नव्या काबिजादींतील. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेले. हे दोन तालुके त्यांच्या ताब्यात आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. पेडण्याला सिंधुदुर्ग जिल्हा लागून आहे, तर डिचोलीचा दोडामार्गशी नित्याचा संबंध. येथील अनेक घरांत बोलणे कोकणीत आणि वाचन, भजन, नाटक मराठीत अशी वाटणी पूर्वापार आहे. त्यामुळे एकाच कृतीला दोन शब्द सहज उपलब्ध असतात. बटण मराठीत ‘दाबतात’, कोकणीत ‘दामतात’; दिवा मराठीत ‘मालवतात’, कोकणीत ‘पालयतात’. ऐकणाऱ्याला दोन्ही कळतात. ‘चावी’ हा मूळ पोर्तुगीज शब्द तर केवळ गोव्यापुरता न राहता अवघ्या मराठीत रुळला आहे. कुलपाची चावी आणि घड्याळाला द्यायची चावी, दोन्ही अर्थांनी तो चालतो.

१९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी ही राज्याची राजभाषा ठरली आणि शासकीय कामकाजासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. त्यामुळे यंत्रांविषयीच्या सूचना या दोन्ही भाषांत सुबोध असणे, हा या तालुक्यांत रोजच्या सोयीचा प्रश्न आहे.

घडवलेले शब्द

संगणक, संकेतस्थळ, दूरध्वनी, भ्रमणध्वनी, कळफलक हे शब्द विचारपूर्वक घडवले गेले. त्यांपैकी ‘संगणक’ आणि ‘संकेतस्थळ’ रुळले; ‘भ्रमणध्वनी’ मात्र कार्यालयीन कागदांतच राहिला. ‘कळफलक’ ऐकताच अर्थ लागतो, कारण यंत्राची ‘कळ’ मराठीत जुनी आहे. ‘परवलीचा शब्द’ही चटकन उमगतो. छावणीच्या पहारेकऱ्याला जो शब्द सांगितल्याखेरीज आत प्रवेश नाही, तोच आता खात्याच्या दाराशी उभा आहे. जुन्या अनुभवाशी जोडलेला शब्द टिकतो आणि केवळ शब्दशः बेतलेला मागे पडतो, असे या उदाहरणांवरून दिसते.

पडद्यावरील सूचनांची अडचण याहून वेगळी आहे. त्यांतील क्रियापदेच अनोळखी असतात. बोलताना पासवर्ड ‘टाकतात’, पडदा ‘प्रविष्ट करा’ म्हणतो. फोटो ग्रुपवर ‘टाकतात’ किंवा ‘पाठवतात’, सूचना ‘सामायिक करा’ अशी येते. नाव इंग्रजी असले तरी काम अडत नाही. क्रियापद परके झाले की बोट थबकते.

प्रश्न पैशांचा आहे

बोट थबकले की फोन दुसऱ्याच्या हाती जातो आणि त्यासोबत पिन व ओटीपीही. निवृत्तिवेतनधारकांसाठी १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सुविधा सुरू झाली. वृद्धांच्या तोंडी मात्र तो ‘हयातीचा दाखला’च आहे. या नावाने विचारले तर आजी लगेच उत्तर देतील. दुसऱ्या नावाने विचारले तर नातवाकडे पाहतील. विश्वासू नातू जवळ असेल तर काम होते. नसेल, तर समोरच्या अनोळखी माणसावर विसंबावे लागते.

मोबाईलवरून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांत पिन लागतो तो पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना; पैसे घेताना तो लागत नाही. फसवणूक करणारा नेमका हाच फरक झाकतो आणि ‘पैसे मिळवण्यासाठी’ पिन टाकायला सांगतो. अशा वेळी ‘व्यवहार प्रमाणित करताना दक्षता घ्यावी’ हे वाक्य शुद्ध असूनही निरुपयोगी ठरते. ‘पैसे येताना पिन टाकायचा नसतो. पिन टाकलात तर पैसे जातील’ ही दोन वाक्ये घरातील कोणालाही कळतात, कारण येणे, जाणे आणि टाकणे ही तिन्ही क्रियापदे त्यांच्या रोजच्या बोलण्यातली आहेत.

बँक, पंचायत, वीज कार्यालय किंवा शाळा यांच्यासाठी सूचना लिहिणाऱ्याने म्हणूनच वस्तूचे रूढ नाव खुशाल तसेच ठेवावे आणि क्रियापद मात्र घरातले निवडावे. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ या सूचनेत एक शब्द इंग्रजी आहे, पण जपायचे काय आणि करायचे काय नाही, हे दोन्ही त्यात स्पष्ट आहे.