जुन्या टर्मिनलवरील देवनागरी कळफलक : रचना आणि जोडणी

टर्मिनल म्हणजे पडदा आणि कळफलक असलेले, तारेने मुख्य संगणकाला जोडलेले यंत्र. १९७८ मध्ये आलेले 'व्हीटी-१००' हे त्यांतील सर्वांत परिचित नाव. पुढे हेच काम वैयक्तिक संगणकावरील अनुकरण-प्रणाली करू लागल्या. या यंत्रांचा कळफलक मुळात इंग्रजीसाठी होता. त्यावर देवनागरी बसविताना मांडणी, संकेतन आणि वळण या तिन्हींचा मेळ घालावा लागला.

कळ ते अक्षर

कळ दाबली की यंत्राला केवळ तिचा क्रमांक कळतो. मांडणीचा तक्ता त्या क्रमांकाला अक्षराचा संकेतांक देतो आणि टंक त्याला पडद्यावर आकार देतो. मांडणी बदलणे म्हणजे केवळ मधला तक्ता बदलणे होय. उरलेले दोन्ही टप्पे त्याला अनुरूप नसतील, तर कळ बरोबर असूनही अक्षर चुकते.

इन्स्क्रिप्ट आणि जिस्ट

टंकलेखन यंत्रावर अक्षरे दिसतात त्या क्रमाने उमटतात. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी येते. इन्स्क्रिप्ट मांडणीत उच्चाराचा क्रम पाळतात : आधी 'क', मग वेलांटी. स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. इंग्रजी 'के'च्या कळीवर 'क' आणि शिफ्टसह 'ख', तर 'डी'च्या कळीवर हलन्त. 'दुसऱ्या'मधील ऱ्या साठी 'ऱ', हलन्त, 'य' आणि काना अशा कळा दाबाव्या लागतात.

आयआयटी कानपूर येथे मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली आकाराला आलेले जिस्ट तंत्र १९८८ पासून पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. जिस्ट कार्ड संगणकाच्या खाचेत बसवीत. अक्षरांची जोडणी ते कार्डच करी. म्हणून कार्डाविना जुन्या आज्ञावलीला देवनागरी दाखविता येत नसे. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये 'इस्की' संकेतन प्रमाणित केले. देवनागरीसाठी त्यात १२८ च्या वरचे संकेतांक राखलेले आहेत.

आठवा बिट

जुन्या जोडणीत सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. अनेक वाहिन्या सातच बिट पाठवीत आणि आठवा गाळीत. 'इस्की'त 'क'चा संकेतांक १७९. आठवा बिट गळाला की उरतो ५१, म्हणजे इंग्रजीतील ३ हा अंक. त्याच न्यायाने 'कमळ' लिहिल्यास पडद्यावर ३ आणि त्यापुढे इंग्रजी 'एल' व 'आर' ही अक्षरे दिसतात. असा मजकूर आढळल्यास कळफलकाला दोष देण्याआधी वाहिनी आठ बिटांची आहे का, हे पाहावे.

आजची जोडणी

लिनक्सवर भारतीय मांडण्यांमधून मराठी निवडावी, भाषा बदलण्यासाठी कॅप्स लॉक नेमावे आणि टर्मिनल युनिकोड (यूटीएफ-८) वर ठेवावे. युनिकोडमध्ये 'क'चा संकेतांक २३२५ आहे. त्यामुळे 'इस्की'तील धारिका थेट उघडत नाही, आधी रूपांतर करावे लागते. 'आयसीयू' या मुक्त आज्ञासंचात त्याची सोय आहे. काही टर्मिनलांत जोडाक्षरे व मात्रा विस्कटलेल्या दिसतात, कारण तेथे प्रत्येक चिन्हाला ठरावीक चौकट मिळते. दिसणे बिघडले तरी साठविलेला मजकूर बहुधा शाबूत असतो.

डॉसबॉक्ससारख्या अनुकरण-प्रणालीत मांडणीची धारिका बदलता येते; परंतु जिस्ट कार्डाचे काम ती करीत नाही.

गोव्यातील उपयोग

१९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद केली. दोन्ही भाषांना 'इस्की'चा एकच देवनागरी तक्ता पुरतो. चोपडे असो वा डिचोली, एखाद्या मंडळाच्या वा छापखान्याच्या कपाटात त्या काळातील फ्लॉपी असेल, तर तीमधील मजकूर 'इस्की'त आहे की विशिष्ट टंकाच्या खासगी संकेतांत, हे प्रथम तपासावे. दुसऱ्या प्रकाराला त्या टंकाचा स्वतंत्र तक्ता लागतो. मूळ धारिकेची प्रत काढूनच रूपांतर करावे. चुंबकीय तबकडी कायम टिकत नाही. ती वाचता येते तोवरच हे काम होऊ शकते.