मलिदा

'मलिदा' म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? टेंडर, कंत्राटदार आणि टेबलाखालचे व्यवहार... मलाही तेच आठवायचं. काही वर्षांपूर्वी ऑनसाइट म्हणून इस्राएलला गेलो आणि खराखुरा मलिदा ताटात आला!

झालं असं, की टीममधल्या एकाने शनिवारी संध्याकाळी, शब्बाथ संपल्यावर, दिमोनाला घरी बोलावलं. आजूबाजूला नेगेवचं वाळवंट. दार त्याच्या आईने उघडलं आणि चक्क मराठीत विचारलं, "कुठला रे तू?"

मी उडालोच. मावशी मूळच्या अलिबागजवळच्या. १९६३ साली इकडे आल्या.

बेने इस्राएल समाजाची कथा आपण ओझरती ऐकलेली असते. परंपरेनुसार नवगावजवळ जहाज फुटलं आणि वाचलेले ज्यू कोकणातच राहिले. तेलाचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनिवार तेली'. आडनावंही गावावरून, किहीमकर, पेणकर वगैरे.

मलिदा हा त्यांचा खास विधी. पोहे भिजवून निथळायचे, त्यात साखर, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा घालायचा, वर फळं मांडायची. मग प्रेषित एलियाची हिब्रू प्रार्थना. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात मलिदा हवाच. एलियाला सगळेच ज्यू मानतात, पण त्याच्यासाठी पोह्यांचं ताट मांडणारे हेच.

आणि इथेच मेख आहे. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल तिकडे गेले. १९६२ मध्ये तिथल्या प्रमुख रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला, की यांची इतर ज्यूंशी लग्नं लावण्याआधी मागच्या पिढ्या तपासा. आंदोलनं झाली. शेवटी ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने ठराव केला, की हे सर्वार्थाने ज्यूच आहेत. म्हणजे कोकणात ज्यू म्हणून वेगळे आणि इस्राएलमध्ये हिंदी म्हणून!

न राहवून विचारलं, "मावशी, त्या दिवसांत मलिदा बंद करावासा नाही वाटला?"

"का म्हणून? नवस बोलले होते ना मी!" असं म्हणत त्यांनी अजून एक डाव वाढला.

मित्राला मराठीचा गंध नाही. पण पोहे किती भिजवायचे, हे त्याने मला अगदी बरोबर सांगितलं. निघताना मावशी म्हणाल्या, "पुढच्या खेपेला येशील तेव्हा पोहे घेऊन ये. तिकडचे."

पुढच्या खेपेला लॅपटॉपच्या बॅगेत दोन किलो पोहे होते.